राजवाड्यातले कोर्ट: सातारा जिल्हा न्यायालयाची वास्तू आणि वाटचाल

कोर्टाचे सगळे काम कागदावर चालते, पण कानाने ओळखायचे तर ते पुकाऱ्यावरून. पट्टेवाला दालनाच्या दारात येतो, हातातल्या बोर्डावर नजर टाकतो आणि आवाज चढवतो. पक्षकाराचे नाव, बापाचे नाव, गाव. एकदा, दोनदा, तीनदा. ओसरीवर तंबाखू मळत बसलेला म्हातारा लगबगीने उठतो, पटका सारखा करतो आणि गर्दीत आपला वकील शोधू लागतो. माणूस आलाच नाही तर रोजनाम्यात ओळ पडते: पुकारले असता गैरहजर.

साताऱ्यात ही हाक शंभराहून अधिक वर्षे राजाच्या चौकात घुमली. १८७६ पासून न्यायालय नव्या राजवाड्यात भरू लागले. त्या वाड्याच्या खांबांनी इंग्रज जज्ज पाहिले, देशी जज्ज पाहिले, गुलामी पाहिली आणि स्वातंत्र्यही पाहिले. आज जिल्हा न्यायालय सदर बझारमध्ये आहे. तरीही संस्थेचा इतिहास सांगायचा तर सुरुवात राजवाड्यापासूनच करावी लागते. या वाड्याचे बांधकाम चालू असतानाच साताऱ्यात एका माणसाची बाजू ऐकून घ्यायची राहून गेली होती, आणि तो माणूस खुद्द राजा होता.

महजरापासून शास्त्र्यांपर्यंत

१२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांना साताऱ्यास राज्याभिषेक झाला आणि पुढे अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याशी शाहूनगर वसत गेले. त्या काळच्या न्यायाची खूण शहराच्या बोलण्यात अजून आहे. किल्ल्याखालच्या एका वाड्याला सातारकर आजही 'अदालतवाडा' म्हणतात.

तेव्हाचा न्याय बहुतांशी गावातच होई. वतनाचा तंटा असो की शिवेचा, गोतसभा बसे, दोन्ही बाजूंचे जबाब होत, जुने कागद वाचले जात आणि निकालाचा महजर लिहिला जाई. आज आपण जिथे सही करतो तिथे महजरावर निशाण्या दिसतात. पाटलाच्या नावापुढे नांगर, शेट्या-महाजनाच्या नावापुढे तराजू. अक्षरओळख नसलेला माणूसही निकालाचा साक्षीदार होता, आणि ज्या अवजारावर त्याचे पोट चाले तीच त्याची सही होती. कागदाने सुटत नसे ते कधी दिव्यावर, म्हणजे देवाच्या कसोटीवर, सोपवत. त्या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण गोतात ज्याला स्थान नाही त्याचा आवाज तिथे पोचतच नसे. पण निकाल दहा माणसांच्या समक्ष, दोन्ही बाजू ऐकून द्यायचा, हा दंडक मात्र त्या गोतसभेने पाळला.

साताऱ्याजवळच्या क्षेत्र माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे याच मातीतले. ते पेशव्यांचे न्यायाधीश झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा सत्तेवर आलेल्या राघोबादादांनाच त्यांनी दोषी धरले आणि पद सोडले. कृष्णा-वेण्णेच्या संगमावरच्या या गावाचे नाव महाराष्ट्राने न्यायाशी जोडले ते तेव्हापासून. आपल्या जिल्ह्यात वकिली सुरू करणाऱ्या तरुणाला ज्येष्ठांकडून ही कथा एकदा तरी ऐकावी लागतेच.

दोन राजवाडे, दोन भाऊ

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने नव्या संस्थानाच्या सीमा आणि मर्यादा ठरल्या. कारभार पहिली काही वर्षे पोलिटिकल एजंट जेम्स ग्रँट डफच्या हाती होता. १८२२ मध्ये तो महाराजांकडे आला. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तो हाच डफ.

प्रतापसिंह हे कामाचे राजे होते. रस्ते केले, शहराला पाणी आणले, शाळा काढली, आणि स्वतःची रोजनिशी ठेवली. १८२४ मध्ये त्यांनी शहराच्या मध्यावर राजवाडा बांधला. आज आपण त्याला जुना राजवाडा म्हणतो. त्याला लागूनच १८३८ ते १८४४ या काळात नवा राजवाडा उभा राहिला. काम होते स्मिथ नावाच्या इंग्रज इंजिनियराकडे. महाबळेश्वरच्या रस्त्यावर वेण्णा आणि कृष्णा या नद्यांवर पूल बांधणारा माणूस तोच.

या दोन सालांच्या दरम्यान ५ सप्टेंबर १८३९ हा दिवस येतो. त्या दिवशी इंग्रजांनी प्रतापसिंहांना पदच्युत केले आणि त्यांचे धाकटे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसवले. नव्या राजवाड्याचे काम सुरू झाले तेव्हा साताऱ्याचा राजा एक होता, आणि पूर्ण झाले तेव्हा दुसरा. वास्तू एकच, पण तिच्या पायाला एक भाऊ होता नि कळसाला दुसरा.

न ऐकलेली फिर्याद

प्रतापसिंहांवर आरोप होते ईस्ट इंडिया कंपनीच्या देशी पलटणीतील शिपायांना फितवल्याचे, गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत राजाशी संधान बांधल्याचे. १८३६ मध्ये तीन इंग्रज अधिकाऱ्यांचे एक गुप्त चौकशी मंडळ साताऱ्यात बसले. साक्षी झाल्या, अहवाल गेला. पण आरोपांची नक्कल द्या, साक्षीदार समोर आणा, मला बोलू द्या, ही महाराजांची मागणी शेवटपर्यंत पुरी झाली नाही. ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर जेम्स कार्नाक स्वतः साताऱ्यास आले. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ एवढाच होता की दोष कबूल करा आणि गादी ठेवा. महाराजांनी नकार दिला. जे केले नाही ते कबूल करून राज्य राखण्यापेक्षा त्यांनी काशीची वाट धरली.

आजच्या भाषेत बोलायचे तर हा एकतर्फी निकाल होता. आपल्या कोर्टात एकतर्फी हुकूमनामा व्हायलाही आधी समन्स बजावावे लागते आणि नावाचा पुकारा करावा लागतो. प्रतापसिंहांच्या नावाचा पुकारा कधी झालाच नाही.

त्यांची फिर्याद घेऊन रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. त्या काळी हा प्रवास महिनोन्महिन्यांचा, भाषा परकी, खर्चाची ओढाताण कायमची. तरी हा माणूस १८५३ अखेरपर्यंत तिथे तळ ठोकून राहिला. कंपनीच्या संचालकांपुढे, भागधारकांच्या सभेत, पार्लमेंटच्या सभासदांकडे त्याने अर्जांवर अर्ज केले. गुलामगिरीविरुद्ध बोलणारे जॉर्ज थॉम्सन यांच्यासारखे वक्ते साताऱ्याच्या बाजूने उभे राहिले, पण दाद लागली नाही. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह काशीत वारले. पक्षकार गेल्यावरही वकील आणखी सहा वर्षे अपील लढवत होता! वकीलपत्र कशाला म्हणतात हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने रंगो बापूजींचे चरित्र वाचावे.

दरबार उठला, कोर्ट बसले

५ एप्रिल १८४८ रोजी शहाजी महाराजांचे निधन झाले. मृत्यूच्या काही तास आधी त्यांनी दत्तक घेतला होता. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांचे मत तो मान्य करावा असे होते, पण गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. वारसाअभावी खालसा करण्याचे हत्यार त्यांनी प्रथम चालवले ते साताऱ्यावर. झाशी आणि नागपूर नंतर आली. रेसिडेंट बार्टल फ्रियर कमिशनर झाले आणि संस्थानाचा मुलूख इंग्रजी अमलाखाली आला.

पुढच्या दहा वर्षांत या शहराने न्यायाचे भयंकर रूपही पाहिले. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाची तयारी उघडकीला आली. खास न्यायाधिकरण बसले आणि ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा जणांना एकाच दिवशी देहदंड झाला. पाच जणांना फाशी, सहा जणांना तोफेच्या तोंडी, सहा जणांना गोळ्या. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. बाप चौदा वर्षे कायद्याच्या दारात बसून होता. मुलगा त्याच सत्तेच्या खास कोर्टातून वधस्तंभाकडे गेला. रंगो बापूजी निसटले. त्यानंतर त्यांचा ठावठिकाणा लागला नाही.

नेहमीचे कायद्याचे राज्य बसायला त्यानंतर थोडा काळ लागला. १८६२ मध्ये मुंबईत हायकोर्ट स्थापन झाले. १८६३ च्या कायद्याने सातारा मुलखाला इलाख्यातील इतर जिल्ह्यांचे कायदेकानू लागू झाले. १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालय कायद्याने जिल्हा जज्ज, असिस्टंट जज्ज, पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे सबजज्ज अशी उतरंड पक्की केली. या उतरंडीला जागा हवी होती, आणि शहराच्या मध्यावर राजाविना राजवाडा होता. १८७६ पासून त्यात न्यायालय भरू लागले.

सदर

आपल्याकडच्या वाड्याला 'सदर' असते. देवडीतून आत आले की चौक, चौकाला लागून ओसरी-सोपा, आणि मालक बसतो ती सदर. गाऱ्हाणी ऐकायची तिथे, पानविडा द्यायचा तिथे, हुकूम सुटायचे तेही तिथूनच. कोर्टाच्या कागदात 'सदर इसम', 'सदरहू मिळकत' असे शब्द आपण दिवसातून पन्नास वेळा लिहितो. दोन्हीकडचा शब्द एकाच घराण्यातला. राजवाड्यात कोर्ट आले तेव्हा शब्द आणि जागा यांची पुन्हा गाठ पडली, असे म्हणायला हरकत नाही.

नव्या राजवाड्याची रचना या कामाला फारशी मोडतोड न करता लागू पडली, यात नवल नाही. मधला मोठा चौक आणि सागवानी खांबांच्या रांगांवर उभा राहिलेला दरबारी दिवाणखाना ही या वास्तूची ओळख. दख्खनमधल्या मोठ्या दिवाणखान्यांत त्याची गणना होई. लाकडी खांबांच्या दालनाचे गणित खणांत चालते. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट. जितके खण वाढवाल तितके दालन लांबते. दरबारासाठी ही रचना केली जाते ती एका टोकाला बैठक असावी आणि दोन्ही बाजूंना मानकऱ्यांच्या रांगा बसाव्यात म्हणून. कोर्टाला तरी याहून वेगळे काय हवे असते? बैठकीच्या जागी न्यायासन, पुढे शिरस्तेदाराचे टेबल, मग वकिलांच्या खुर्च्या, एका बाजूला साक्षीदाराचा कठडा, आणि खांबांच्या मागे लोक.

दरबारात मागे उभ्या माणसाने मुकाट राहायचे असते. कोर्टात त्याच माणसाचे नाव पुकारले जाते आणि त्याला पुढे यावे लागते. दिवाणखाना तोच राहिला, पण त्यात कोणी बोलायचे हा क्रम उलटला. या वास्तूच्या आयुष्यातला सर्वांत मोठा बदल हाच. त्यासाठी एकही भिंत पाडावी लागली नाही.

गैरसोयी होत्याच. खांबाआड बसलेल्याला साक्षीदार दिसत नाही, आणि लाकडी छताखाली दहा जणांची कुजबूज एकत्र होऊन जड होते. पावसाळ्यात साताऱ्याचा पाऊस चौकात कोसळू लागला की साक्षीदाराला शब्द दोनदा उच्चारावा लागणारच. पण चौकाने पक्षकारांना जे दिले ते नव्या काळातल्या इमारतींना क्वचितच देता येते. थांबायला आडोसा, बसायला जोते, आणि विरुद्ध बाजूच्या माणसाशी चार पावले बाजूला जाऊन बोलायला कोपरा. कित्येक तडजोडी कठड्यापेक्षा चौकातच होतात, हे कुठल्याही जुन्या वकिलाला विचारा.

बस्त्यात बांधलेला जिल्हा

कोर्टाची खरी संपत्ती त्याच्या दफ्तरात असते. साताऱ्यासारख्या राजधानीच्या शहरात दाव्यांना जोडलेले कागद फार जुने असत. वतनाच्या सनदा, इनामपत्रे, खरेदीखते, गहाणखते. भाषा मराठी, लिपी मोडी. लेखणी न उचलता लिहिलेल्या त्या ओळींत एक काना चुकीचा वाचला तर शेताची हद्द बदलावी, अशी गत. म्हणून मोडी वाचणारा कारकून हा कोर्टात जज्जाइतकाच महत्त्वाचा. लाल कापडात बांधलेला रुमाल सोडायचा, वाळवी लागलेली कड जपत पान उलटायचे, शिक्का-मोर्तब तपासायचे आणि मग खालच्या आवाजात वाचायला सुरुवात करायची. समोर बसलेल्या दोन भाऊबंदांना त्या वाचनातून कळे की पणजोबांनी खरोखर काय लिहून ठेवले होते.

या दफ्तरात दत्तकाचे तंटे ढिगाने सापडतील. विधवेने घेतलेला दत्तक खरा की खोटा, विधी झाला की नाही, नवऱ्याची परवानगी होती का. ज्या वाड्याचे राज्य दत्तक नाकारल्यामुळे गेले, त्याच वाड्यात रयतेच्या दत्तकांचा निवाडा काळजीपूर्वक, साक्षी-पुराव्यांनिशी होत राहिला. राजाच्या दत्तकाला जी चौकशी मिळाली नाही ती कुळवाड्याच्या दत्तकाला मिळाली.

शेतकरी आणि रोखा

कोर्टाने कुळवाड्याला नेहमीच तारले असेही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दख्खनच्या शेतकऱ्याला कोर्ट म्हणजे सावकाराचे हत्यार वाटे. सावकार रोखा दाखल करी, शेतकरी हजर होत नसे, एकतर्फी हुकूमनामा होई, आणि बेलीफ जप्ती घेऊन दारात उभा राही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोकांनी सावकारांचे रोखे आणि हुकूमनामे जाळले. दंग्याचे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या कुकरूडलाही तसाच प्रकार घडला. त्यानंतर काही महिन्यांतच आपले न्यायालय राजवाड्यात आले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ते आले तेव्हा जिल्ह्याचा कोर्टावरचा विश्वास डळमळलेला होता.

सरकारने यावर १८७९ मध्ये दख्खनचा शेतकरी कर्जनिवारण कायदा केला. तो ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यांत पुणे, सोलापूर आणि नगरबरोबर सातारा होता. या कायद्याने कोर्टाला रोख्याच्या पाठीमागे बघण्याचा अधिकार दिला. समजा, कुणी चारशे रुपयांचा रोखा घेऊन आला. एरवी कोर्टापुढे प्रश्न एकच होता: अंगठा तुझा आहे की नाही? आता जज्ज विचारू लागला की पहिल्यांदा किती घेतले होते, कधी, व्याज कसे चढले, जुना रोखा फाडून नवा कधी लिहिला. खाते मुळापासून उलगडायचे, मुद्दल वेगळे काढायचे, व्याज वेगळे. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणेही या कायद्याने बंद झाले.

कायदा नीट चालतो की नाही हे पाहायला पुणे आणि सातारा जिल्ह्यांतल्या दुय्यम न्यायालयांच्या तपासणीवर १८८१ मध्ये नेमले गेले ते महादेव गोविंद रानडे. तालुक्यांच्या कोर्टांचे निकाल त्यांनी तपासले. अर्थशास्त्रावर लिहिणारे रानडे सर्वांना ठाऊक असतात, पण शेतकऱ्याच्या खात्यातली एकेक रक्कम तपासणारे रानडे ही आपल्या न्यायालयाच्या इतिहासातली अभिमानाची जागा आहे.

भिंतीपलीकडचे विद्यार्थी

नव्या राजवाड्याला लागून असलेल्या जुन्या राजवाड्यात शाळा भरे. आजचे प्रतापसिंह हायस्कूल ते हेच. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव या शाळेच्या पटावर इंग्रजी पहिलीत दाखल झाले. म्हणून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस. एका भिंतीपलीकडे कायद्याचे पुकारे चालू असताना, पुढे देशाच्या घटनेचा मसुदा लिहिणारा मुलगा शेजारच्या वर्गात बसला होता. साताऱ्यातच जन्मलेले, येथल्याच हायस्कुलात शिकलेले प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर १९६४ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले. माहुलीच्या रामशास्त्र्यांपासून गजेंद्रगडकरांपर्यंत न्यायाची ही परंपरा तालुक्याबाहेर जाऊन शोधावी लागत नाही.

वकिलांची परंपराही तशीच जुनी. सार्वजनिक सभेमुळे 'सार्वजनिक काका' ठरलेले गणेश वासुदेव जोशी साताऱ्यात जन्मले. पुण्यात वासुदेव बळवंत फडक्यांचे वकीलपत्र घ्यायला कुणी धजत नव्हते, तेव्हा ते पुढे झाले. साताऱ्यात वकिली करणारे रघुनाथ पांडुरंग ऊर्फ दादासाहेब करंदीकर हे टिळकांचे विश्वासू सहकारी होते. कराडला १९४१ मध्ये वकिलीची सुरुवात करणाऱ्या यशवंतराव चव्हाणांचे कोट-टाय वर्षभरातच खुंटीला लागले, कारण बेचाळीसचा लढा उजाडला होता.

समांतर न्याय

१९४२ नंतरची काही वर्षे सातारा जिल्ह्यात न्यायाची दोन दारे होती. एक राजवाड्यातले, दुसरे इंग्रज सत्तेला समांतर उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारचे.

९ सप्टेंबर १९४२ रोजी परशुराम घार्गे यांच्या नेतृत्वाखाली वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि गोळीबारात ते आणि त्यांचे साथी पडले. तासगाव, इस्लामपूर, कराड, पाटण असे मोर्चे जात होते ते मामलेदार कचेऱ्यांवर, आणि त्याला कारण होते. सारा वसूल करणारा मामलेदारच मॅजिस्ट्रेट म्हणून शिक्षाही देई. पुढे नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे उभी केली. बांधाचे तंटे, सावकारीची प्रकरणे, न नांदवलेल्या बायकांची गाऱ्हाणी गावच्या देवळात किंवा मळ्यात बसून निकाली निघू लागली. स्टँप नाही, वकील नाही, तारखा नाहीत. शिक्षा कडक असत, आणि त्यांवर अपील नसे. त्या न्यायाच्या उणिवा सांगता येतील, पण लोक तिकडे का गेले हे कोर्टानेही आपल्या इतिहासात नोंदवायला हवे. गावात, आपल्या भाषेत, आठवड्याभरात कुणीतरी ऐकून घेत होते.

शेजारच्या औंध संस्थानाने हाच प्रयोग कायदेशीर मार्गाने आधी केला होता. जानेवारी १९३९ च्या घटनेने तिथे गावाच्या पंचायतीला कारभाराबरोबर न्यायाचेही काम मिळाले. औंधच्याच आटपाडी महालात स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाची प्रेरणा तीच. भिंतीवाचूनचा तुरुंग ही कल्पना जिथे रुजली ती जमीन आज सांगली जिल्ह्यात आहे.

वाटणी

१ ऑगस्ट १९४९ रोजी सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. तासगाव, वाळवा, शिराळा, खानापूर हे तालुके दक्षिणेत गेले आणि २१ नोव्हेंबर १९६० पासून दक्षिण सातारा हे नाव जाऊन सांगली आले. त्याआधी शिराळ्याच्या पक्षकाराला जिल्ह्याच्या कोर्टात यायचे तर कराडपर्यंत गाडीबैल, पुढे रेल्वेने पाडळीजवळचे सातारा रोड स्टेशन, आणि तिथून पुन्हा शहरापर्यंतची वाट. तारीख पडली की भाकरी बांधून आदल्या दिवशी निघायचे. सांगलीला स्वतंत्र जिल्हा न्यायालय झाले आणि ही पायपीट थांबली. गंमत अशी की सांगलीतही कितीतरी वर्षे न्यायालय पटवर्धनांच्या राजवाड्याच्या परिसरातच भरले. संस्थाने गेली, पण त्यांच्या वास्तूंनी दोन्ही जिल्ह्यांत न्यायाला जागा दिली.

स्वातंत्र्यानंतर कामाचे स्वरूपही पालटले. १९५१ च्या मुंबई कायद्याने न्याय आणि कारभार वेगळे झाले. मोर्च्यांनी ज्या कचेऱ्यांवर चाल केली होती त्यांतून फौजदारी न्याय बाहेर पडला. कूळकायद्यामुळे कुळांचे तंटे दिवाणी कोर्टाकडून महसूल खात्याकडे गेले. कोयना, धोम, कण्हेर ही धरणे झाली आणि वाढीव मोबदल्याच्या प्रकरणांची रीघ लागली. पाण्याखाली गेलेल्या शिवाराची किंमत ठरवताना साक्षीदार आंब्याची झाडे मोजून सांगू लागले. १९५६ चा वारसा कायदा, मग १९९४ ची राज्याची आणि २००५ ची केंद्राची दुरुस्ती, यांमुळे वाटपाच्या दाव्यांत 'वादी' म्हणून मुलींची नावे दिसू लागली. १९९८ च्या अधिसूचनेने खालच्या न्यायालयांत मराठीचा वापर पक्का केला, तेव्हा राजवाड्याच्या दफ्तरातल्या जुन्या मराठीला नवे सोबती मिळाले.

राजवाडा ते सदर बझार

वाढते काम, वाढती न्यायालये, वाहनांची गर्दी आणि जुन्या लाकडाचे वय पाहता न्यायालयाला राजवाडा अपुरा पडणे अटळ होते. न्यायालय सदर बझारला आले. इथे दालने जास्त, उजेड जास्त, आणि प्रकरणाची तारीख मोबाइलवर दिसते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, त्यात साताराही आला. अपिलासाठी मुंबई गाठण्याचे दिवस आता सरले. रंगो बापूजी साताऱ्याचे अपील घेऊन लंडनला गेले, त्यांच्या नातवंडांच्या पिढीला मुंबई गाठावी लागली, आणि आज ते कोल्हापुरात दाखल होते. दोनशे वर्षांची प्रगती मोजायची तर या अंतरांवरून मोजावी.

नव्या राजवाड्याचे पुढे काय, हा प्रश्न या स्मरणिकेच्या वाचकांनाही पडावा. त्याचे सागवान, त्याचा चौक आणि त्यातल्या शंभर वर्षांच्या निकालांची आठवण यांना एकत्र जपणारे एखादे दालन तिथे व्हावे. महजराची निशाणी, मोडीतला रोखा, रोजनाम्याचे एक पान आणि पट्टेवाल्याचा लाल पट्टा एवढे मांडले तरी शाळेच्या मुलांना न्यायाचा इतिहास कळेल. शाळा तर शेजारीच आहे.

तोवर आठवण जपण्याचे काम एसटी करते आहे. परळी खोऱ्यातून, कासच्या बाजूने येणाऱ्या गाड्या गोल बागेशेजारी थांबतात, आणि कंडक्टर "राजवाडा!" म्हणून आवाज देतो. एखादा म्हातारा पिशवीतली फाइल सांभाळत उतरतो आणि सवयीने दरवाजाकडे वळतो. पेढ्यांच्या दुकानाच्या पायरीवरून कुणीतरी त्याला हाक मारते: "आबा, कोर्ट इथं नाही आता. सदर बझारला!"